वरातीमागून

गेल्या मंगळवारी फिन्टन क्वर्क
ओवळ्याच्या रद्दीवाल्याच्या काट्यावर चढला.
आधी बूट काढून माझ्या हातात दिले,
मग घड्याळ, किल्ली, रुमालसुद्धा.
मी वाचलं: अडुसष्ट.
"टॉप वेट, भोईर," म्हणाला,
आणि समोरच्या गाडीवर दोन वडापाव सांगितले.

पंधरा हिवाळे मी या माणसाला मोजलंय.
महालक्ष्मीच्या वजनखोलीत, शर्यतीआधी एकदा, नंतर एकदा.
खोगीर मांडीवर घेऊन काट्याच्या खुर्चीत बसायचा,
दवाखान्यात तान्हं पोर आणल्यासारखा.
त्रेपन्न. साडेबावन्न. एकदा एक्कावन्न,
तेव्हा गालांच्या खळग्यांत सावली साचली होती.
अर्धं लिंबू, काळी कॉफी,
रबरी कोट घालून पहाटे धावणं.
घामाचा हिशेब त्याचा,
काट्याचा माझा.

तो किल्डेअरचा. आठ भावंडांत सातवा, बाप गवंडी.
"बाकीचे वाढले. मी विसरलो."
पंधराव्या वर्षी तबेल्यात शेण उचलायला लागला,
तिथंच त्याला कळलं
की घोडा कानानं कमी, पाठीनं जास्त ऐकतो.
तिकडं एकशे चार शर्यती जिंकला.
मोठी एकही नाही.
एक नुसती नाकभर हुकली,
त्या नाकाचा फोटो तो पाकिटात ठेवतो,
इतर लोक बायकोचा ठेवतात तिथं.

मग तो फेब्रुवारीतला रविवार.
करडी घोडी, नाव सदाफुली,
दोन लांबींनी पुढं.
बाहेर लोक टोप्या उडवत होते
आणि आत काटा
एक किलो अलीकडेच थांबला.
वळणावर कुठंतरी खोगिराच्या खिशातून
शिशाची पट्टी निसटलेली.
बोटाएवढी.
खोलीत आम्ही दोघं,
दारात मालकाचा माणूस, एक हात खिशात.
माझ्या घरी पोरीचं लग्न ठरलेलं, हॉल ठरायचा होता.
फिन्टन माझ्याकडं बघत नव्हता. काट्याकडं बघत होता.
मी आकडा मोठ्यानं म्हणालो.

दुसऱ्या दिवशी लिंबांची पिशवी घेऊन
विचारत विचारत कासारवडवलीला आला.
बोलला काहीच नाही.
आईनं त्यांचं लोणचं घातलं.

त्यानंतर दोन मोसम, मग पडला.
डावा पाय बोटभर आखूड.
भाडं परवडेल अशी खोली मीच बघून दिली,
खिडकीतून येऊरचा डोंगर दिसतो म्हणून त्यानं लगेच घेतली.
डोंगराखालच्या मैदानात पोरांना रपेट शिकवायचा,
मैदानावर टॉवर आला तोपर्यंत.
म्हणतात, या घोडबंदरला अरबी घोडे उतरायचे.
आता कंटेनर येतात
आणि गायमुखला अडकून पडतात.

तर मंगळवारी, वडापाव हातात असताना,
बँड आला, दिव्यांची झाडं आली,
आणि जरीच्या झुलीखाली एक घोडी,
करडीची पुरती पांढरी झालेली.
फिन्टननं पाव खाली ठेवला.
नाचणाऱ्यांतून लंगडत घुसला,
पोटाखाली हात घातला, तंग दोन भोकं सैल केला.
नवरदेवाकडं बघितलं, मग माझ्याकडं.
"ब्याण्णव," मी म्हणालो, "शेरवानीसकट."
घोडीनं त्याला ओळखलं नाही.
हात हुंगला, तिखट लागलं, मान फिरवली.

वरातीमागून घोडं म्हणतात.
इथं घोडं पुढं होतं,
आणि जनरेटरच्या गाडीमागून
बारा वर्षं उशिरा
एक आयरिश म्हातारा चालत होता, मी त्याचे बूट घेऊन.
बूट घालायचे राहिलेच होते.

हॉलच्या दारात नवरा उतरला.
घोडेवाला चहाला गेला.
फिन्टननं तंग सोडला,
खोगीर झुलीसकट दोन्ही हातांवर घेतलं
आणि माझ्यासमोर येऊन ताठ उभा राहिला.

काटा नव्हता.
मी आकडा म्हणालो,
तो एक किलो धरून.